मनाईचं रान

मोहिद्दीनने वहाणा मशिदीच्या पायरीखाली काढल्या आणि रहिमानचाचांपुढे हात जोडले. सकाळपासूनची ही तिसरी खेप होती.

"चाचा, सहा वरसाची पोर हाय. तिला जागा ती किती लागनार?"

रहिमानचाचा गावातल्या मुसलमानांचे वडीलधारे. त्यांनी नजर वर केली नाही. डोक्यावरची टोपी काढून तिची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"जागेचं न्हाई, बाबा. धरनवाल्यांशी कसलाच संबंध ठेवायचा न्हाई, असा गावानं ठराव केलाय. आमची घरं पंधरा. उद्या आमचं पानी तोडलं तर आमी कुठं जावं?"

मोहिद्दीनला या बोलण्यात खोट काढता येईना. पाणी तोडल्यावर काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने वहाणा हातातच घेतल्या आणि तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी वसाहतीकडे निघाला.

साताऱ्याच्या डोंगरातलं त्यांचं कुसरवाडी धरणाखाली गेलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. सरकारने चाळीस घरांची माणसं ट्रकांतून आणून तासगावकडच्या या गावाच्या शिवारात, पत्र्याच्या शेडांत उतरवली. पुनर्वसनाच्या साहेबांनी चावडीपुढे बैठक घेतली. गावकरी आणि धरणग्रस्त यांची मिळून एक समिती नेमली, नारळ फोडला. "हे आता तुमचेच भाऊ," साहेब म्हणाले. गावाने माना डोलावल्या. पुढच्याच महिन्यात धरणग्रस्तांना द्यायला गावकऱ्यांच्या जमिनी घेण्याच्या नोटिसा निघाल्या आणि ती समिती पुन्हा कधी बसली नाही.

रानं गेलेल्यांत लालासाहेब सगळ्यांत मोठे शेतकरी. त्यांचे ओढ्याकडचे चार एकर हरिबाच्या नावावर लागले. हरिबा म्हणजे कुसरवाडीत मोहिद्दीनच्या भिंतीला भिंत लावून राहणारा, इथेही शेजारच्याच शेडात. लालासाहेब कोर्टात गेले, मनाई हुकूम आला. तेव्हापासून त्या रानात ना त्यांचा नांगर शिरला, ना हरिबाचा. या उन्हाळ्यात सरकारी हापसा आटला, तेव्हा लालासाहेबांनी आपल्या विहिरीवर वसाहतीच्या बायकांना बंदी केली. बायका दगडाच्या खाणीत साठलेलं हिरवं पाणी फडक्यातून गाळून आणू लागल्या. मोहिद्दीनच्या लेकीला, रशीदाला, मंगळवारी जुलाब सुरू झाले. गुरुवारी दिवस उजाडताना ती गेली.

शेडात शाहजादीने लेकीला न्हाऊ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं. वरचा पत्रा कडकड वाजत होता. ती हातातल्या पदराने नुसता वारा घालत होती.

"मिळाली?" तिने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. वसाहतीच्या नकाशात शाळा होती, स्मशान होतं. मुसलमानाचं घर एकच, म्हणून कबरस्तान नव्हतं. "एका घरासाठी वेगळा प्रस्ताव कसा करणार?" साहेब म्हणाले होते. "गाव सामावून घेईल की."

"मग आपल्या गावी न्या तिला," शाहजादी म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या शेजारी ठेवा. आजा हाय तिचा, सांभाळंल."

"तितं पानी हाय गं," मोहिद्दीन म्हणाला. "लय पानी हाय तितं."

तिने वारा घालायचं थांबवलं नाही.

दारात हरिबा बसला होता. त्याने सगळं ऐकलं. बराच वेळ तो तळहातावरचे घट्टे चाचपत राहिला. मग उठला, आपल्या शेडात गेला आणि टिकाव-फावडं घेऊन आला.

"चल."

"कुठं?"

"माझ्या रानात."

"हरिबा, मनाई हाय त्या रानाला. हुकूम मोडला म्हनून तुझं रान जाईल."

"कोर्टाच्या तारखंपतुर पोर थांबनार हाय व्हय?" हरिबा म्हणाला. त्याचंही कुसरवाडीतलं सगळं पाण्यात होतं. या चार एकरांखेरीज त्याला दुसरं काही मिळायचं नव्हतं.

रान काळं होतं आणि उन्हाने भेगाळलं होतं. टिकाव आपटला की ढेकूळ दगडासारखं उडायचं. हातभर खड्डा झाला, तेव्हा बांधावर लालासाहेब येऊन उभे राहिले. मागे त्यांचे दोन गडी.

"काय चाललंय हितं?"

हरिबाने टिकाव खाली ठेवला. "मातीला जागा करतोय, लालासाब."

"कोन गेलं?"

"माजी पोरगी," मोहिद्दीन म्हणाला. "रशीदा."

"किती वरसाची?"

"सहा."

"कशानं?"

मोहिद्दीन खाली वाकून माती उपसू लागला. हरिबाच बोलला, "खानीच्या पान्यानं."

खड्ड्याकडे एकदा बघून लालासाहेब मागे वळले आणि गडीही त्यांच्यामागे गेले.

"पोलीस आनतील," मोहिद्दीन म्हणाला.

"आनू देत. खन."

वसाहतीतले चौघे रशीदाला घेऊन आले, तेव्हा ओढ्याच्या बाजूने रहिमानचाचा दोघांना घेऊन येताना दिसले. जवळ येऊन त्यांनी खाली बघतच सांगितलं, "ठरावात नमाजाचं काय लिवलेलं न्हाई." मग ते नमाज पढवायला पुढे उभे राहिले.

मोहिद्दीनने लेकीला स्वतः खाली ठेवलं. तिचं वजन हातांना जाणवलंच नाही. माती लोटून होते न होते तोच जीप आली. पुनर्वसनाचे साहेब, तलाठी, एक पोलीस. कुणीतरी कळवलं होतं. गावाकडून लालासाहेबही चालत येत होते.

"मनाई असलेल्या जमिनीत हे कुणाला विचारून केलंत?" साहेब म्हणाले. "मला अहवाल द्यावा लागेल. हे इथून काढायला लागेल."

मोहिद्दीन ताज्या ढेकळांच्या त्या बुटक्या उंचवट्यावर पालथा पडला. दोन्ही हात पसरले. कुणी ओढलं असतं तर त्याच्याबरोबर मातीही उठली असती. पोलीस एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

"लालासाहेब, बरं झालं आलात," साहेब म्हणाले. तलाठ्याने कागद काढला. "तक्रार तुमचीच लागते. तुमची हरकत असली की पुढचं आम्ही बघतो."

लालासाहेब धापा टाकत होते. त्यांनी पटक्याच्या टोकाने तोंड पुसलं.

"माझी कशाला हरकत?"

"म्हणजे? जमिनीचा दावा तुमचाच ना?"

"रान हरिबाचं हाय," लालासाहेब म्हणाले. "त्यानं त्यात कुनाला जागा द्यावी, ते मला काय इचारतासा?"

"असं लिहून घेऊ?"

"घ्या."

तलाठ्याने लिहिलं. लालासाहेबांनी ते न वाचताच खाली सही केली आणि घराकडे निघाले. घर समोरच दिसत होतं, रान तुडवून गेलं तर दोन मिनिटांवर. त्या वाटेने ते जन्मभर गेले होते. आज ते बांधाबांधाने, लांबच्या वळणाने चालत राहिले.

हरिबा त्यांच्याकडे बघत उभा होता. त्याचे ओठ काहीतरी बोलण्यासाठी हलले. मग त्याने खाली, मातीला छाती लावून पडलेल्या मोहिद्दीनकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.