सुभेदारांची हॉलंडची मॅच

राम राम मंडळी. मी टीव्ही बोलतोय, लोणंद-फलटण रस्त्यावरच्या नाथाजीच्या परमिट रूममधला. त्रेचाळीस इंची. एके काळी मला लोक 'मोठा' म्हणायचे.

नाथाजीनं मला साताऱ्यातून आणलं ते आयपीएलच्या तोंडावर. टेम्पोत खाली गादी अंथरली होती. भिंतीवर चढवल्यावर मला हार घातला, नारळ फोडला, उदबत्तीचा धूर दिला. पहिल्याच दिवशी सगळी टेबलं भरली आणि नाथाजीनं माझ्याकडं बघून हात जोडले. माणसं कुणालाही हात जोडतात, उपयोगी पडलं की झालं.

आम्हा टीव्हींचं एक असतं. आम्ही जे दाखवतो ते आम्हाला दिसत नाही. दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. सिक्सर बसला की विकेट पडली, हे मला समोरच्या तोंडांवरूनच कळायचं.

त्यातलं एक तोंड सुभेदार नानासोंचं. फौजेतून येऊन अठरा वर्षं झालेली. थोडा ऊस, मुलगा पुण्याला नोकरीत, घरी बायको हरणाबाई. रोज संध्याकाळी सहाला यायचे, एकच पेग घ्यायचे, सोबत खारे शेंगदाणे, आणि साडेसातला उठायचे. क्रिकेट असो की कबड्डी, त्यांची नजर माझ्यावर असायची, पण ते बघत नसायचे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि हेंक आला. साडेसहा फूट उंच, दारात वाकून आत शिरला. लोणंदच्या एका कारखान्यात हॉलंडहून मशीन आली होती, ती बसवायला हा आलेला. त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "फुटबॉल?"

नाथाजी म्हणाला, "साहेब, कबड्डी."

हेंक कसनुसा हसला. मोडक्या हिंदीत, हातवारे करत सांगायला लागला. नोकरीपायी तो नऊ देश फिरला होता. जिथं जाईल तिथं पहिल्या आठवड्यात तो एक बार शोधायचा, जिथं हॉलंडची माणसं जमतात आणि आपली मॅच बघतात. प्रत्येक देशात असा बार सापडला होता. इथं मात्र फलटण झालं, सातारा झालं, हायवेवरचे ढाबेसुद्धा झाले. आता वर्ल्डकप तोंडावर आणि तो एकटाच.

कोपऱ्यातून आवाज आला, "व्हिच टीम? हॉलंड?"

सुभेदार उठून उभे राहिले होते. त्यांनी उजवा पंजा पुढं केला. करंगळी शेजारच्या बोटापासून लांब, वाकडी. "मी गोली, गोलकीपर. रेजिमेंटच्या टीमचा. धा वर्षं. ही करंगळी बॉलनं मोडली. बरॅकीत टीव्हीवर तुमच्या नारंगी जर्सीवाल्यांना बघितलंय. हरत्यात, पण काय खेळत्यात गड्या!"

हेंकला निम्मं कळलं असेल. त्यानं तो वाकडा हात दोन्ही हातांत धरला.

हॉलंडची मॅच रात्री साडेआठला होती आणि नेमकी तेव्हाच कबड्डीही होती. ट्रॅक्टरवाला अर्जुना आणि त्याचे चार दोस्त आधीच बसलेले. सुभेदार नाथाजीला म्हणाले, "आज फुटबॉल लाव."

"आवं सुभेदार, गिऱ्हाईक उठंल माझं."

"अठरा वर्षांत तुला काय मागितलंय का मी?"

नाथाजीनं रिमोट उचलला. अर्जुनानं आरडाओरडा केला, पण उठला नाही. अर्ध्या तासानं तोच विचारायला लागला, "सुभेदार, ह्यात बॉलला हात लावला तर चालत न्हाई व्हय?" आणि सुभेदार शेंगदाणे मांडून, ग्लास सरकवून, कोण कुठं उभा राहतो ते सांगत बसले. त्या दिवशी त्यांचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं असं म्हटलं तरी चालेल. गोल झाला तेव्हा साठीचा माणूस खुर्चीवर चढला.

वर्ल्डकपभर असंच चाललं. हॉलंडची शेवटची मॅच आमच्या बंद व्हायच्या वेळेनंतर होती. ती दोघांनी हेंकच्या खोलीवर लॅपटॉपवर बघितली. दुसऱ्या दिवशी सहाला दोघं तोंडं पाडून आले. नाथाजीनं विचारलं, "काय झालं?"

"हरलो," सुभेदार म्हणाले. "टायब्रेकरमधी."

उन्हाळ्यात हेंकचं काम संपलं. निघताना तो म्हणाला, पुढच्या वर्षी युरोपची स्पर्धा आहे. हॉलंडची पहिली मॅच असेल तेव्हा मी ज्या बारमध्ये असेन तिथून फोन करीन, तू इथं बस, मी तिथं बसतो, दोघं मिळून बघू. सुभेदारांनी त्याला सॅल्यूट ठोकला. मग राहवलं नाही, तशीच मिठी मारली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये रविवारी संध्याकाळी मॅच होती. सुभेदार पाचलाच आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी ताजी. फोन समोर टेबलावर ठेवला. मॅच सुरू झाली. गोल झाला तेव्हा बाकीचे ओरडले, सुभेदारांनी आधी फोनकडं बघितलं. मध्यंतर झालं. हॉलंड जिंकलं. फोन वाजला नाही.

"तुमीच लावा की," नाथाजी म्हणाला.

"मी का लावू? त्यो करीन म्हनला हुता."

"कामात असंल."

"मोठी माणसं. इसरत्यात."

दुसऱ्या मॅचलाही ते आले. तिसऱ्याला आले नाहीत. नंतर पुन्हा रोज सहाला यायला लागले, पण नाथाजीनं फुटबॉल लावलं की म्हणायचे, "बदल रं. कबड्डी लाव." माझ्या हातात असतं तर मी स्वतःहून तो फोन लावला असता. पण आम्ही नुसते दाखवणारे.

थंडीत एके दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी अर्जुना सांगत आला, "सुभेदार गेलं. शेतात पाणी धरताना छातीत कळ आली." नाथाजीनं मला बंद केलं. त्या दिवशी कुणी लाव म्हणालं नाही.

सुभेदारांना जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. एका रविवारी दुपारी दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. परमिट रूमच्या दारात गावातली बाई बघून नाथाजी गडबडला.

"मी सुभेदारांची मंडळी," हरणाबाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी फोन काढला. "ह्यो रोज चार्ज करून ठेवते मी, रिचार्ज पोरगा मारतो. वापराया येत न्हाई. आज सकाळधरनं तीनदा वाजला. ह्या गोऱ्या माणसाचा फोटू येतोय. कोन हाय बाबा ह्यो?"

नाथाजीनं त्यांना आत खुर्ची दिली आणि त्याच नंबरला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडून गलका ऐकू आला, माणसं गात होती. मग हेंकचा आवाज, "नानासो! नानासो!" तो व्हिएतनाममध्ये होता. इथून गेल्यावर त्याचा फोन चोरीला गेला, सगळे नंबर गेले. कारखान्यातली ओळखीची माणसंही बदलली होती. परवाच कुणाकडून तरी नंबर मिळाला. आज हॉलंडच्या दोन क्लबांची मॅच, बारमध्ये पन्नास-साठ जण जमलेत. सुभेदार कुठं आहेत?

नाथाजीला इंग्रजी कितीसं येणार. तो म्हणाला, "सर, सुभेदार नो मोर."

 पलीकडं हेंक तिथल्या माणसांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायला लागला. मधेच 'नानासो' ऐकू आलं. गाणं थांबलं. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. नाथाजी हळूच म्हणाला, "काकू, समदी उठून उभी राहिल्यात."

हरणाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला. पदर सावरला. त्या इतक्या तोंडांकडं एकेक करून बघत राहिल्या.

"एवढी माणसं ह्यांच्या ओळखीची हुती व्हय?"

नाथाजी म्हणाला, "व्हय काकू."

"मला कवा बोलले न्हाईत. मी तरी कवा इचारलं म्हना. रोज म्हनायची, आलासा पिऊन?"

फोन बंद झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ती मॅच हितं लागंल का? जरा बघते की, काय असतं त्यात."

नाथाजीनं रिमोट घेतला. एकेक चॅनल फिरवलं. बातम्या, सिनेमा, क्रिकेट, भजन. हॉलंडची ती मॅच कुठंच नव्हती. त्या पिशवी मांडीवर घेऊन वाट बघत होत्या आणि मला त्यांच्यासाठी एवढंही करता येत नव्हतं. शेवटी गावाकडं सीटवर जाणारी वडापची जीप निघेल म्हणून त्या उठल्या.

माझं आता वय झालं. मधोमध एक हिरवी रेघ उमटली आहे. नवा पंचावन्न इंची येऊन पेटीत पडलाय, सोमवारी मला उतरवणार, भंगारवाला ठरलाय. तक्रार नाही.

एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी एकटंच टीव्हीपुढं बसलेलं दिसलं, तर घटकाभर शेजारी टेका. कळत नसलं तरी चालेल. नुसतं विचारा, कोण खेळतंय?