केल्पमध्ये गुंडाळलेला वाटाड्या

नेट्टी फेरांतेचा गुडघा गेला, तेव्हापासून तिच्या बोटीला पाण्याखालचा वाटाड्या मिळेना. बोट होती, पाहुणे होते, मॉन्टेरेच्या किनाऱ्यालगत केल्पचं रानही होतं. समुद्राच्या तळातून उगवून थेट पाण्यावर पसरणारं ते शेवाळ कुणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. पण पाठीवर हवेची टाकी घ्यायला डॉक्टरांनी तिला मनाई केली होती. या हंगामात माणूस टिकला नाही तर बोट विकायची, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. आतापर्यंत दोन वाटाडे येऊन गेले, आणि दोघांनाही सिल्वेरिओच्या जिभेनं पळवलं.

सिल्वेरिओ तिचा इंजिन सांभाळणारा म्हातारा. हात सोन्याचे, जीभ मात्र कात्रीसारखी.

"आज एक शब्द काढायचा नाहीस," नेट्टीनं त्याला धक्क्यावरच दम भरला. "हा पोरगा टिकला पाहिजे."

"मी? कॅप्टनबाई, मी तर जन्माचा मुका."

"मग जन्माचा मुका संध्याकाळपर्यंत तसाच राहू दे."

हा पोरगा म्हणजे कैमाना, हवाईच्या कोमट पाण्यात हजारभर बुड्या मारून आलेला. अंगानं दणकट, वागायला गोड. मोठ्यांना आंटी-अंकल म्हणायची त्याच्याकडची रीत, त्यामुळे नेट्टीला तो पहिल्याच दिवशी आवडून गेला होता. एकच खोट होती. ऐकताना मान डोलवायचा, पण कान भलतीकडेच असायचे.

रानाच्या बाहेरच्या कडेला नांगर पडला. सहा पाहुणे टाक्या बांधून उभे राहिले. नेट्टीनं चाळीस वर्षं सांगितलेलं पुन्हा सांगितलं.

"पट्ट्यांची लोंबती टोकं चिकटपट्टीनं बांधा, नाहीतर केल्प ती धरून ठेवतं. हवा राखून परत फिरा आणि पाल्याच्या खालूनच बोटीपर्यंत या. मधेच वर यावं लागलं, तर पालथे पडा आणि हातानं पाला मागे सारत सरपटत या. पाय झाडू नका. अडकलात तर गरगर फिरू नका. थांबा. देठ ओढून तुटत नाही, वाकवला की काडीसारखा मोडतो."

"सरपटत?" कैमाना हसला. "आंटी, मी शार्कबरोबर पोहलोय. हा तर पाला आहे."

सिल्वेरिओनं तोंड उघडलं. नेट्टीनं डोळे वटारले. त्यानं मिटलं.

पाऊण तासानं पाहुणे एकेक करून शिडीशी आले. लुईझियानाच्या ओडेटबाई तेवढ्या शिडीपासून थोड्या लांबच वर आल्या होत्या. सत्तरीची ही निवृत्त शाळामास्तरीण घोरपडीसारखी पाल्यावरून सरपटत येत होती आणि मोठमोठ्यानं हसत होती.

"वाटाड्या कुठाय?" नेट्टीनं विचारलं.

"आम्हाला वाटेला लावून मागे राहिला. थंडीनं फार कुडकुडत होता हो. त्याचीच हवा आधी संपत आली असणार," शिडीला हात लावत ओडेटबाई म्हणाल्या.

तेवढ्यात रानाच्या मधोमध कैमानाचं डोकं वर आलं. पालथं पडायला त्याला लाज वाटली. ताठ उभ्यानंच पोहायला गेला. टाकीला काहीतरी लागलं म्हणून बघायला डावीकडे वळला. दिसलं नाही, म्हणून आणखी वळला. वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात, तसा तो स्वतःच स्वतःला केल्प गुंडाळत गेला. तीन फेऱ्यांनंतर हातही हलेना. जॅकेटात हवा भरलेली असल्यामुळे बुडण्याची भीती नव्हती, भीती होती ती फक्त सहा जणांच्या नजरांची.

"थांब पोरा! हलू नकोस!" नेट्टी ओरडली. तिचा हात आपोआप टाकीकडे गेला, आणि गुडघ्यानं आठवण करून दिली.

ओडेटबाई शिडीपासूनच मागे फिरल्या. सरपटत गेल्या आणि एकेक देठ वाकवून मोडत सुटल्या, श्रावणातल्या पालेभाजीसारखे. वर्गातल्या द्वाड मुलाला धरून आणावं तसं त्याला बोटीपर्यंत घेऊन आल्या.

कैमाना वर चढला. डोक्यावर पाला, गळ्यात पाला. सिल्वेरिओ इंजिनाकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. हा आता बॅग उचलणार, नेट्टीला वाटलं. मग बोट विकायची.

"अंकल," कैमाना म्हणाला, "बोला की. पोटात ठेवलंत तर फुटाल."

सिल्वेरिओनं नेट्टीकडे बघितलं. तिनं मानेनं होकार दिला.

"बाबा रे, पाणमांजरंसुद्धा झोपताना केल्प गुंडाळून घेतात, वाहून जाऊ नये म्हणून. पण ती एकच वेढा घेतात! तू तर लग्नाचा शालू नेसलास!"

सगळ्यात आधी हसला तो कैमानाच. हसता हसता त्यानं पट्ट्यांना चिकटपट्टी लावायला घेतली.

"ओडेट आंटी, देठ कसा वाकवायचा ते पुन्हा दाखवाल? आणि ते सरपटणं पण."

अर्धा तास ती दोघं पाल्यावर पालथी पडून मागे-पुढे करत होती. नेट्टी कठड्याला टेकून बघत होती. दुसऱ्या बुडीची वेळ झाली तेव्हा पाहुणे सवयीनं तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "तुमचा वाटाड्या तिकडे आहे."

कैमानानं घसा साफ केला आणि सूचना सांगायला लागला. तो फार लांबण लावत होता, दोन गोष्टी उलटसुलट सांगत होता. नेट्टीनं मधे तोंड घातलं नाही. फळीवर बसून तिनं दुखरा पाय लांब केला आणि पुढचं ऐकू लागली.