वीतभर तांबडी

“तार आहे का बघ नीट,” बाबा म्हणाले.

“अहो भाऊजी, आधी मासा तर बघा! हात भरून आला माझा उचलून.”

मामाने मासा फळीवर आडवा टाकला. तांबडी होती. पाठ विटकरी, पोट पांढरट आणि लांबीला माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत सहज. मामाची बोट नुकतीच धक्क्याला लागली होती. दर रविवारी पहाटे तो हौशी गळवाल्यांना घेऊन तीन तास आत, खोल पाण्यात जातो आणि दुपारी परत येतो. उतरणारी माणसं उन्हाने लालबुंद झालेली, खूश आणि थोडी मळमळलेली असतात. बाबांना त्या माणसांशी काही घेणंदेणं नसतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माशाच्या पाठीवरचा पर उभा केला आणि त्याच्या बुडाशी बोट फिरवलं. मग दुसऱ्या माशाच्या. मग तिसऱ्याच्या.

“नाही,” ते म्हणाले.

“चौदा वर्षं झाली, भाऊजी.”

“समुद्र मोठा आहे.”

हे दर रविवारी असंच. शब्दसुद्धा बदलत नाहीत, फक्त वर्षं वाढतात.

माझे बाबा पंप मेकॅनिक होते. गोदीतले सगळे पंप त्यांच्या हातचे. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी गळ घेऊन बंदराच्या भिंतीवर जाऊन बसले. आई तेव्हा नुकतीच गेली होती, घर खायला उठायचं, म्हणून मीही काही बोलले नाही. भिंतीवरून त्यांना मिळायच्या त्याही तांबड्याच. रंग तोच, ठिपके तेच, तोंड तेच, फक्त वीतभर. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, “भाऊजी, तुमचा अख्खा रविवार माझ्या एका माशाच्या नाश्त्याला पुरायचा नाही.”

बाबा चिडायचे नाहीत. त्यांचं एक गणित होतं. काठाला असतात ती पोरं आणि खोलात असतात ते मोठे. “अरे, माणसाचंच बघ ना. शाळा घराजवळ असते. शिकून झालं की निघाले बाहेर. हिचंही तसंच.” त्यामुळे भिंतीवर पकडलेली तांबडी त्यांनी कधी घरी आणली नाही. गळ हलक्या हाताने काढायचे, पराच्या बुडातून बारीक स्टीलच्या तारेचं कडं ओवायचे, तीन पीळ द्यायचे आणि सोडून द्यायचे. पंपाचे बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना अडकवतात ती तार. खोलात गेलेली, हातभर झालेली एक तरी तांबडी तार घेऊन मामाच्या बोटीवर यावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

एकदा तापात होते तेव्हा मला म्हणाले, “चिमे, एक जरी सापडली ना, तर वाटेल, आपण सोडलेलं कुणीतरी मोठं झालं.” मी चाळिशीची बाई, मला अजून चिमी म्हणतात. मी म्हटलं, “सापडेल हो, झोपा आता.” मला काय जात होतं म्हणायला!

खरं तर त्या गणिताचं उत्तर काढायचं कामच माझं होतं, आणि इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. मी मत्स्य कार्यालयात मदतनीस आहे. माशाच्या डोक्यात, कानापाशी एक पांढरा खडा असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तो काढायचा, मधोमध कापायचा, घासायचा आणि भिंगाखाली धरायचा. झाडाच्या खोडात दिसतात तशी वळी दिसतात. वर्षाला एक वळं. दिवसभर मी माशांची वयं मोजते. बायकांची विचारायची नसतात, म्हणून बहुतेक माशांची विचारतात.

आजवर आमच्याकडे खोल पाण्यातलेच मासे यायचे. या वर्षी आमच्या प्रमुख मॅडमनी ठरवलं की काठाचेही बघू. बुधवारी बंदराच्या भिंतीलगत टाकलेल्या जाळ्यातल्या अकरा तांबड्या माझ्या ट्रेमध्ये आल्या. सगळ्या वीतभर. नववी हातात घेतली तर पराच्या बुडाशी गाठ लागली. वरून कातडी आली होती. मी ब्लेडने ती बाजूला केली.

तार. तीन पीळ, आणि कुणाला टोचू नये म्हणून टोक आत दाबलेलं.

आमच्या घरातल्या किटलीच्या झाकणाला तोच पीळ आहे. माझ्या शाळेच्या दप्तराला होता. आईच्या चष्म्याच्या दांडीलाही होता. आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू! सापडली एकदाची! मग कळलं की ही भिंतीपासून पन्नास पावलांवर सापडली आहे, आणि वीतभरच आहे.

बरं, म्हटलं, गेल्याच वर्षी सोडलेली असेल. पोर असेल. खडा काढला, कापला, घासला. दोन वळी असतील, फार तर तीन.

अठरा होती.

पुन्हा मोजली. अठराच. मॅडमना बोलावलं, त्यांनीही तेवढीच मोजली. पोटात अंडी होती. म्हणजे ही पोरगी नव्हतीच. चांगली पिकलेली, संसारी बाई होती. मॅडम म्हणाल्या, “खोलात जातात त्या चौथ्या-पाचव्या वर्षी जातात आणि भराभर वाढतात. पण सगळ्या जात नाहीत, असं दिसतंय. ज्या राहतात त्या आहेत तेवढ्याच राहतात.” मग तारेकडे बघून म्हणाल्या, “हा उद्योग कुणाचा? माशाला त्रास होतो.” मी म्हटलं, चौकशी करते.

संध्याकाळी मी आधी मामाकडे गेले. तो बोटीचं इंजिन पुसत होता. तार त्याच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता हा हसून हसून लोळणार. तो हसला नाही. बराच वेळ ते कडं उलटसुलट करत बसला.

“चिमे, सांगू नकोस त्यांना.”

“मग काय करू?”

“मला दे. रविवारी एखाद्या दांडग्या तांबडीला अडकवतो. तार त्यांचीच आहे, पीळ त्यांचाच आहे. खोटं काय त्यात? सत्तरी उलटली माणसाची. खूश होऊन जातील.”

“आणि तू त्यांना इतकी वर्षं चिडवलंस ते?”

“म्हणूनच तर म्हणतोय,” मामा म्हणाला आणि परत इंजिन पुसायला लागला. ते पुसून केव्हाच झालं होतं.

मी तार परत घेतली, पण मनात ठरवलं की शनिवारी त्याला देऊन टाकायची. रस्ताभर मला ते दृश्य दिसत होतं. बाबांचं बोट पराच्या बुडाशी अडकलंय आणि ते थांबलेत. बघावंसं वाटत होतं मला ते. फार वाटत होतं.

घरी जेवताना बाबांनी रोजचा प्रश्न विचारला. “आज काय बघितलंस?” तीस वर्षं विचारताहेत. मी शाळेत होते तेव्हाही, “काय शिकलीस” असं कधी विचारलं नाही, “काय बघितलंस” असंच. ताटातला घास तसाच राहिला. या प्रश्नाला मी आजवर थाप मारलेली नव्हती, आणि त्या दिवशीही जमेना.

“तुमची तांबडी बघितली,” मी म्हटलं.

बाबा गोंधळले नाहीत, रडले नाहीत. हात धुतले आणि म्हणाले, “मला दाखव.”

गुरुवारी त्यांना ऑफिसात नेलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. भिंगाला डोळा लावण्याआधी त्याचा एक स्क्रू ढिला आहे हे हेरलं आणि नखाने आवळला. मग मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. चारपर्यंत वळी रुंद होती. पुढे इतकी दाटीने की पेन्सिलीचं टोक धरून मोजावी लागली. अठराशी थांबले.

“इथं काय झालं?” चौथ्या आणि पाचव्याच्या मधे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

“तिथं वाढ थांबली. तेव्हा बाहेर जायचं असतं, ती गेली नाही.”

“का?”

“कुणाला माहीत नाही, बाबा. मॅडमनाही नाही.”

“मग शोधा की! पगार कसला घेता?”

मला हसू आलं. पण ते हसत नव्हते. डोळा तसाच भिंगाला लावून हळूच म्हणाले, “माझ्या तारेमुळे तर राहिली नाही ना गं?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी घाईघाईने कालच घासून ठेवलेले बाकीचे खडे काढले, एकेक भिंगाखाली ठेवला. “हे बघा. या दहा जणींना तार नव्हती. ही बारा वर्षांची. ही नऊ. ही पंधरा. सगळ्या वीतभरच आहेत. तुमच्यामुळे नाही, बाबा. आईशप्पथ.”

त्यांनी अकराच्या अकरा मोजले. दीड तास. शेवटचा झाल्यावर खुर्चीत मागे टेकले आणि डोळे पुसले. भिंगाने डोळ्यांना पाणी येतं, असं म्हणाले. येत नाही, मला माहीत आहे.

“पोरं समजत होतो मी यांना,” ते म्हणाले. “एवढी वर्षं चालू होतं इथं सगळं, आणि मी आपला खोलात बघत बसलो.”

मग मॅडमना भेटून त्यांनी तार आपलीच असल्याचं कबूल केलं आणि यापुढे लावणार नाही म्हणून सांगितलं. जाता जाता विचारलं की भिंतीच्या कोणत्या बाजूला जास्त मिळाल्या. मॅडमनी नकाशाच काढला. दोघांचं तासभर चाललं होतं. मला चहा आणायला पिटाळलं.

रविवारी दुपारी मामाची बोट लागली. फळीवर सहा तांबड्या होत्या, एकेक बघून घ्यावी अशी. गळवाले फोटो काढत होते. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली, आणि बाबांना सगळं कळलंय हे तो समजला. बाबा पुढे आले, पण कुठल्याच पराला त्यांनी हात लावला नाही.

“माझी सापडली,” ते मामाला म्हणाले.

शेजारच्या गळवाल्याने कॅमेरा खाली घेतला. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. “वा, काका! केवढी होती?”

बाबांनी दोन्ही पंजे छातीसमोर धरले. गळवाला वाट बघत राहिला, ते आता लांब होतील म्हणून. एकदोघं हसले. बाबांचे पंजे जागचे हलले नाहीत. एक वीत. तसूभर कमी नाही की जास्त नाही. सगळ्यांना नीट दिसावी म्हणून ते तसेच हात धरून डावीकडे वळले, मग उजवीकडे.