दारातला श्वास

मिस्त्रींच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी मिस्त्रींनी गाडीत डिझेल भरणं बंद केलं होतं, आणि त्यांची जुनी मालवाहू गाडी गल्लीतून गेली की पोरं मागे 'भूक लागली, भूक लागली' असं ओरडत धावायची. गाडीच्या धुराला तळणाचा वास यायचा ना, म्हणून.

त्याचं असं झालं. कोपऱ्यावरचा तळणवाला एकच तेल पुन्हा पुन्हा तापवायचा. तेल काळं पडायचं, फेसाळायचं, तरी त्याची कढई काही रिकामी व्हायची नाही. एकदा तपासणीवाले आले आणि त्यांनी त्याला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत झापलं. असलं जळकं तेल लोकांना खाऊ घातलंस तर दुकानाला कुलूप लावू म्हणाले. तळणवाला रडकुंडीला आला. एवढं तेल ओतायचं कुठे? मिस्त्री शेजारीच गाड्या दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "लोकांच्या पोटात नको ना, मग माझ्या गाडीच्या पोटात घाल."

लोक हसले. पण मिस्त्रींनी कुठून कुठून विचारून माहिती काढली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खटाटोप मांडला. तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं. मग मिथेनॉल नावाच्या स्पिरिटमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून ते तेलात घालायचं आणि ढवळत राहायचं. दुसऱ्या दिवशी बघावं तर तळाशी तपकिरी, दाट ग्लिसरीन बसलेलं आणि वर मधाच्या रंगाचं इंधन. ते पाण्याने धुऊन, निवळून गाडीत भरलं की गाडी खुशाल पळायची.

मिस्त्रीणीला हे सगळं पसंत होतं. एक तर माणूस कामात गुंतलेला होता. गुंतलेला माणूस बरा, हे तिला अनुभवाने कळलं होतं. तिची अट एकच होती, शेडमधलं भांडं स्वयंपाकघरात येता कामा नये. मिस्त्रींनी ती कधी मोडली नाही. मिथेनॉलचा ड्रम त्यांनी स्वतःच एका कोपऱ्यात वेगळा ठेवला होता. मुलींना तिथे नेऊन ते म्हणाले होते, "हे पाण्यासारखं दिसतं. पण पाणी नाही. याला हात लावायचा नाही."

मिस्त्री पूर्वी प्यायचे. थोडंथोडकं नाही, गटारात पडेपर्यंत. धाकटी शाळेत जायला लागली त्या वर्षी त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि सोडली. मिस्त्रीणीने शपथ ऐकून घेतली, पण शपथेवर विसंबली नाही. संध्याकाळी मिस्त्री कामावरून आले की ती दारात उभी राहायची आणि ते तिच्या तोंडासमोर श्वास सोडायचे. तिने हुंगून 'या' म्हटलं की मगच आत. आधी आधी त्या दोघांनाही ते अपमानाचं वाटायचं. मग सवय झाली. पुढे पुढे तर गंमतच झाली. मिस्त्री मुद्दाम कांदा खाऊन यायचे आणि ती नाकाला पदर लावून म्हणायची, "दारू परवडली!" मुली हसून लोळायच्या. पण कितीही हसली तरी हुंगल्याशिवाय तिने त्यांना कधी आत घेतलं नाही. वर्षानुवर्षं नाही.

लग्न तोंडावर आलं होतं. पाहुणे आणायला, सामान वाहायला गाडी सारखी लागणार होती, म्हणून मिस्त्रींनी इंधनाचा मोठा घाणा काढायला घेतला. आणि ड्रमवरचा हातपंप नेमका तेव्हाच रुसला. मिथेनॉलमुळे त्यातला रबरी वायसर फुगून वाकडा झाला होता. नवा यायला वेळ लागणार होता आणि मिस्त्रींना थांबायला वेळ नव्हता. मग त्यांनी तेच केलं जे त्यांनी जन्मभर डिझेलच्या टाकीशी केलं होतं. नळी ड्रममध्ये सोडली, दुसरं टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

डिझेल जड असतं, जिभेला लागलं की लगेच थुंकता येतं. हे पातळ, सरसर आलं. तोंड भरलं, ठसका लागला आणि घोट खाली गेला. मिस्त्री थुंकले, त्यांनी चूळ भरली, दोन शिव्या दिल्या आणि काम पुरं केलं. डिझेल कितीदा पोटात गेलं होतं, काही झालं नव्हतं.

संध्याकाळी ते दारात आले. पाय जरा अडखळत होते. त्यांनी नेहमीसारखा श्वास सोडला आणि मिस्त्रीणीचा चेहरा पडला.

गोडसर, उग्र असा स्पिरिटचा वास येत होता.

"अगं, तसं नाही," मिस्त्री म्हणाले. "ड्रममधलं तोंडात गेलं. नळी ओढताना."

"ड्रममधलं?" तिचा आवाज एकदम खाली गेला. ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं. "पूर्वी खोकल्याचं औषध असायचं. मग दाढदुखीचं झालं. आता ड्रम का?"

"मुलींची शपथ."

"मुलींना मध्ये आणू नका. परवा व्याही यायचेत घरी. त्यांच्यासमोरही असेच झुलणार आहात?"

मिस्त्रींनी दुखणारं डोकं दोन्ही हातांत धरलं. तिने त्यांना आत घेतलं नाही. बाहेरच्या खोलीत चटई टाकून दिली, उशी ठेवली आणि मधलं दार लावून घेतलं. थोरली रडायला लागली तेव्हा ती म्हणाली, "रडू नकोस. तुझ्या लग्नात मी एकटी उभी राहीन. एवढी वर्षं उभीच आहे."

सकाळी मिस्त्री ओकले. पोटात कळा येत होत्या. धाकटी पाणी घेऊन गेली तर त्यांनी पेल्याच्या शेजारी हात नेला.

"बाबा, इकडे आहे पेला."

"धुकं पडलंय का गं बाहेर?"

"नाही. ऊन आहे."

"मला सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतंय."

धाकटीने आत येऊन सांगितलं. मिस्त्रीण पाहुण्यांसाठी आणलेल्या चादरी मोजत होती. "उतरायला लागली की असंच होतं," ती म्हणाली. "तू लक्ष देऊ नकोस. मी बाटली शोधते आधी."

बाटली शोधणं हे तिचं जुनं काम. पूर्वी तिने ती कोळशाच्या पोत्यात शोधली होती, टायरच्या आत शोधली होती, मिस्त्रींच्या पावसाळी बुटातसुद्धा. सापडली की ती गुत्त्याच्या पायरीवर नेऊन फोडायची, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत. आताही ती तशाच रागाने शेडमध्ये गेली. पोती उलटी केली, डबे हलवले, फळीवर हात फिरवला. काहीच नव्हतं. कोपऱ्यात पंप उघडून ठेवलेला होता आणि शेजारी फुगलेला वायसर पडला होता. ड्रमच्या तोंडावर नळी लोंबत होती आणि नळीच्या टोकाला दातांचे ठसे होते.

ती नळीकडे बघत राहिली. मग तिचं लक्ष ड्रमवरच्या चिठ्ठीकडे गेलं. ड्रम आल्यापासून ती चिठ्ठी तिथेच होती, पण तिने कधी वाचली नव्हती. धाकटीबरोबर बसून ती अक्षरं शिकली होती खरी, पण तिचं वाचन अजून बोट ठेवून चालायचं. तिने बोट ठेवलं. वि-षा-री. गि-ळ-ल्या-स. पुढचा जोडाक्षराचा शब्द तिला एका दमात लागला नाही. तिने तो फोडला, पुन्हा जुळवला.

अंधत्व.

दुधातून बघितल्यासारखं, धाकटी म्हणाली होती.

ती धावत घरात आली तेव्हा मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते आणि पळून आल्यासारख्या धापा टाकत होते. तळणवाल्याने आपला टेम्पो काढला. जवळच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. मिस्त्रीणीने चिठ्ठीचा कागद ड्रमवरून तसाच ओरबाडून आणला होता, तो तिच्या हातात ठेवला.

डॉक्टरीणबाईने वाचलं, मिस्त्रींच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि फोन उचलला. बोलून झाल्यावर ती मिस्त्रीणीकडे वळली.

"मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल. तिथे यंत्रावर रक्त धुतात. तिथून रुग्णांची गाडी निघाली आहे. पण ती येईपर्यंत थांबून चालणार नाही. यावरचं इंजेक्शन माझ्याकडे नाही. दारू लागेल."

"काय लागेल?"

"दारू. सीलबंद, चांगली. तुमच्या घरात आहे?"

"आमच्या घरात?" मिस्त्रीणीला हसावं की काय करावं कळेना. "बाई, त्यांची सोडवता सोडवता माझे केस पिकले."

डॉक्टरीणबाई घाईत होती, तरी तिने नीट समजावलं. "हे जे पोटात गेलंय ना, शरीर ते मोडतं आणि त्याचं आम्ल तयार होतं. मुंगी चावल्यावर जे झोंबतं, तेच. ते डोळ्यांत उतरतं. पण साधी दारू समोर आली की शरीर आधी ती मोडायला घेतं आणि हे तसंच पडून राहतं. तेवढ्यात यंत्र ते बाहेर काढेल. किती द्यायची ते मी मापून सांगते. तुम्ही फक्त आणा."

तळणवाला म्हणाला, "वहिनी, मी जातो."

"नको," ती म्हणाली. "मीच जाते. तुम्ही ह्यांच्याजवळ थांबा."

गुत्ता रस्त्यापलीकडेच होता. दुकानदार म्हातारा झाला होता, पण त्याने तिला लगेच ओळखलं. तो काउंटरमागे दोन पावलं सरकला.

"मिस्त्रीणबाई, इतक्या वर्षांनी? फोडायला आलात का?"

"विकत घ्यायला आले. सीलबंद द्या. चांगली."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. वरच्या फळीवरची बाटली काढली, पदराने पुसावी तशी बाहीने पुसली आणि कागदात गुंडाळून दिली. तिने कागद काढून टाकला. बाटली तशीच हातात धरून ती भर रस्त्यातून परत आली.

डॉक्टरीणबाईने पेल्यात मापून ओतली, त्यात फळाचा रस घातला. मिस्त्रीणीने पेला नवऱ्याच्या ओठांशी नेला. वास नाकात जाताच मिस्त्रींनी तोंड मिटलं. दात घट्ट आवळले.

"अहो, प्या. औषध आहे."

"औषध नाही," ते दातांतून म्हणाले. "मला वास कळतो. तू बघतेयस मी पितो का."

"नाही हो. डॉक्टरांनी सांगितलंय. हात जोडते."

"काल मी प्यायलो नव्हतो."

"माहीत आहे."

"तू म्हणालीस ना, मी प्यायलो."

"म्हणाले."

"मग आधी सांग."

धाप लागली होती तरी ते तिच्या उत्तरासाठी अडून बसले होते. डॉक्टरीणबाईने मिस्त्रीणीच्या खांद्यावर हात ठेवला. तळणवाला तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागला.

मिस्त्रीणीने पेला खाली ठेवला. नवऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं, अगदी रोज दारात न्यायची तसं, आणि म्हणाली, "तुम्ही प्यायला नव्हता. तुम्ही खरं बोलत होता आणि मी ऐकलं नाही. आता मी सांगते म्हणून प्या. शपथ माझ्या डोक्यावरची होती ना? ती मी परत घेतली. आजच्यापुरती."

त्यांनी तोंड उघडलं. ती घोट घोट पाजत राहिली आणि प्रत्येक घोटाला त्यांचे ओठ पुसत राहिली. गाडी आली तेव्हा त्यांच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता आणि ती त्यांना कवेत घेऊन बसली होती.

मोठ्या रुग्णालयात यंत्राने रक्त धुतलं. जीव वाचला. डोळे मात्र परत आले नाहीत. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच उरलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आदल्या संध्याकाळी आणलं असतं तर नजर वाचली असती. त्यांनी ते दोष द्यायला सांगितलं नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं. विचारलं होतं मिस्त्रीणीनेच.

लग्न थोडं पुढे गेलं, पण झालं. मिस्त्री धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून मांडवात आले आणि पायरीला अडखळले. नवऱ्यामुलाकडचा कुणी एक काका शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "सासरेबुवा सकाळपासूनच रंगात दिसतात."

मिस्त्रीणीने ते ऐकलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ते आंधळे आहेत," ती म्हणाली. "प्यायलेले नाहीत." आवाज चढवला नव्हता. काकाने मान खाली घातली.

शेड बंद झाली नाही. मिस्त्री शेजारी बसून सांगायचे आणि धाकटी करायची, पण नव्या पंपाने, आणि नळी म्हणून कुणी शेडमध्ये ठेवायची नाही असा नियम करून. तेलाचा वास घेऊन त्यात पाणी राहिलंय का ते मिस्त्रींना कळायचं असं ते म्हणायचे. धाकटी म्हणायची, कधी कळायचं, कधी नाही.

पहिल्या दिवशी शेडमधून घरी आले तेव्हा मिस्त्री सवयीने दारात थांबले, चाचपडत पुढे झुकले आणि श्वास सोडला.

"हुंग की."

"नाही हुंगायचं आता," मिस्त्रीण म्हणाली. "तुम्ही सांगा. मी ऐकते."

"नाही प्यायलो."

"बरं. या."

पुढे रोज असंच चाललं. कधी ते कांदा खाऊन यायचे, तरी ती नाकाला पदर लावायची नाही.

मिस्त्री गेले ते धाकटीला मुलगी झाली त्या वर्षी, थंडी ओसरता ओसरता, एका मंगळवारी सकाळी, छातीच्या दुखण्याने. मिस्त्रीण त्यानंतर दोन वर्षांनी गेली, झोपेत.