लहान जिवांचा उतार

मित्रांनो, मी एक जुनी डोण आहे, हे मला पाहून तुम्हाला खरं वाटलं नसतं. चार वर्षं मी पालथी पडले होते. माझ्या पाठीवर धुणं धुतलं जाई आणि माझ्या पोटात विंचू राहत.

डोण म्हणजे जनावरांना पाणी पिता यावं म्हणून एकाच दगडातून कोरलेलं लांबट भांडं. सोनाळा गावाच्या वरच्या अंगाला, जिथे शेतं संपून सातपुड्याचा चढ सुरू होतो, तिथे एक झिरा होता. डोंगराचं पाणी तिथे बारा महिने पाझरायचं. त्या झिऱ्याजवळ मला बसवलं. मला घडवणाऱ्या पाथरवटाने माझे तीन काठ उभे ठेवले, पण चौथ्या बाजूला पोटापासून काठापर्यंत खडबडीत उतार काढला. शेताच्या मालकांनी कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "लहान जीव आत पडते मालक. त्याले बाहीर निंगता आलं पाह्यजे."

त्या घरची रीत होती, झिऱ्यातली पहिली बादली डोणीत, मग घरात. नवी सून उंबरा ओलांडण्याआधी माझ्यात बादली ओतायची. सत्यभामा अशीच आली होती. हातभर हिरव्या बांगड्या, आणि बादली तिच्यापेक्षा जड. निम्मं पाणी तिने स्वतःच्या पायांवर सांडलं आणि सगळ्या बायका हसल्या.

काय दिवस होते ते! वर मोहाची अकरा झाडं होती. चैत्रात त्यांची फुलं टपटप माझ्यात पडत. ते गोड पाणी पिऊन बैल डुलायला लागले, की सत्यभामा म्हणे, "पाहा बाप्पा, आज आमचे बैल लग्नाले निंगाले!" दुपारी मधमाश्या माझ्या उतारावर रांगेने बसत. पहाटे जंगलातून भेकरं, ती कुत्र्यासारखी भुंकणारी लहान हरणं, येत. माझं कौतुक कोणी तोंडाने केलं नाही, पण माझा काठ कधी कोरडा राहिला नाही.

मग पाऊस बदलला. चार महिन्यांचा पाऊस आठ दिवसांत कोसळायचा आणि पुढे महिनाभर ढगाचा पत्ता नसायचा. संत्र्याची बाग वाळू लागली. सत्यभामाबाईंचा मुलगा इंद्रभान वाईट नव्हता हो. तो घाबरला होता. त्याने शेततळं खोदायचं ठरवलं, आणि सपाट जागा मिळावी म्हणून अकराही मोह तोडायला काढले.

"पाऊस बदलला, माय. पाणी अडवलं नाही तं बाग जाईन," तो म्हणाला.

"पाऊस बदलला हे मले काऊन सांगून राह्यला? मी काय काल आली?" सत्यभामाबाई कडाडल्या. "बदलला म्हणून तं झाडं पाह्यजे ना बे! हे मोह पाणी धरते, तवा झिरा वाह्यते."

"झाडं काय टाकी आहे पाणी धराले?"

झाडं पडली. तळं झालं. त्यात गुळगुळीत प्लास्टिक अंथरलं, चारही बाजू उभ्या. दुसऱ्याच उन्हाळ्यात झिरा आटला. मला उलथवून तळ्याच्या काठाशी धुण्याचा दगड केलं. पहिली बादली कोणाची, हे विचारणारंही कोणी उरलं नाही.

यंदाच्या वैशाखातली ती सकाळ. भेकराची मादी पिल्लाला घेऊन उतरली. तिने माझ्या कोरड्या पाठीला नाक लावलं. तिच्या आईने तिला इथेच पाणी पाजलं असेल. मित्रांनो, माझं पोट जमिनीकडे होतं. मी काय देणार होते?

पिल्लू तळ्याकडे वळलं आणि घसरलं.

ते पोहत काठाशी येई, खूर प्लास्टिकवर सरकत, पुन्हा मागे जाई. आई काठावरून भुंकत फेऱ्या घालत होती. ती हाक ऐकून सत्यभामाबाई धावत आल्या. "इंद्रा! पिल्लू बुडून राह्यलं!"

इंद्रभान कशाचाही विचार न करता आत उतरला. पिल्लाला त्याने छातीशी धरलं आणि वर चढू लागला. पाय घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. त्याला पोहता येत होतं, पण चढता येत नव्हतं.

"सारिका, दोर आण!" तो बायकोला ओरडला, आणि नाकातोंडात पाणी गेलं.

दोर आला, पण बांधायचा कशाला? मोह असते तर बुंध्याला बांधला असता. सारिकाने चारी दिशांना पाहिलं आणि दोर माझ्याभोवती आवळला. मी जमिनीत रुतून बसले. सासू-सुनांनी ओढलं. इंद्रभान काठावर येऊन पडला. पिल्लू त्याच्या हातात होतं, पण त्याची मान लोंबत होती. मादी थोडा वेळ पाहत राहिली, मग वर निघून गेली.

इंद्रभानने पिल्लाला हळूच खाली ठेवलं. मग म्हणाला, "माय, मीच मेलो असतो व."

"तू तं वाचला. या पिल्लाची माय आतापर्यंत इथंच उभी होती," सत्यभामाबाई एवढंच म्हणाल्या.

त्याच दिवशी पहार लावून त्यांनी मला सुलटं केलं. इंद्रभान माझ्या उतारावरून हात फिरवत राहिला. मग त्याने तळ्यात गाठी मारलेले जाड दोर सोडले, एका बाजूला मातीने भरलेल्या पोत्यांची, काठापर्यंत चढणारी पायवाट केली. आता रोज पहिली बादली माझी असते, तळ्यातली. मधमाश्या परतल्या. ती भेकराची मादी मात्र परतली नाही.

सत्यभामाबाईंनी माझ्या वरच्या अंगाला अकरा मोह लावलेत. सात जगलेत, गुडघ्याएवढे आहेत. त्यांना फुलं यायला दहा-पंधरा वर्षं लागतील. सत्यभामाबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. झिऱ्याच्या जागी त्या रोज हात लावून पाहतात. माती कोरडीच असते.

मित्रांनो, पाऊस बदलला आहे. तुम्हीही पाणी साठवाल, साठवायलाच हवं. पण वरची झाडं तोडून साठवू नका. आणि साठवाल तिथे एका बाजूला, माझ्यासारखा, खडबडीत उतार ठेवा. आत कोण पडेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसतं.