कॉफी होईपर्यंतची झोप

विजेची किटली जहाजावर चढण्याआधीच जप्त झाली, आणि गंमत बघा, ज्यांची जप्त झाली त्यांनीच जप्त करणाऱ्याची पाठ थोपटली.

त्यांना सगळे बंबवाले म्हणायचे. पस्तीस वर्षं अग्निशमन दलात काढलेली. निवृत्त होऊनही कुणाच्या घरी गेले की आधी प्लग बघणार, मग माणसं. बॅगा तपासणाऱ्याने किटली बाहेर काढली आणि सांगितलं, केबिनमध्ये पाणी तापवायची वस्तू चालत नाही, उतरताना परत मिळेल. "बरोबर आहे," बंबवाले म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मीही घेतली असती. काम चोख आहे तुमचं." नियम त्यांना ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? पण या वेळी किटलीची गरज त्यांची स्वतःची होती, म्हणून डोक्याने सोयीस्कर सुट्टी घेतली होती. मागे उभ्या असलेल्या काकू, म्हणजे त्यांची बायको, गालातल्या गालात हसत होत्या. न खेळताच पहिला डाव त्यांच्या पदरात पडला होता.

कारण दोघांत पैज लागली होती. जहाजाची ही सहल लेकीने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिली, तेव्हा काकू सहज म्हणून गेल्या, "चाळीस वर्षांत मला कुणी अंथरुणात कॉफी आणून दिली नाही."

"त्यात काय," बंबवाले पेपरामागून म्हणाले, "जहाजावर मी देतो."

काकू आधी पोटभर हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी अट घातली. "पाच सकाळी आहेत. एका तरी सकाळी, मी अंथरुणातून उठायच्या आत, तुम्ही केलेली कॉफी माझ्या हातात हवी. फोन करून मागवलेली चालणार नाही. नाही जमलं तर घरी गेल्यावर सकाळची कॉफी तुमची तुम्ही करायची. मी काही उठणार नाही."

आता ऐकणाऱ्याला वाटेल, एवढंच ना? करेल की म्हातारा स्वतःची कॉफी. पण बंबवाल्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, आणि त्याचं कारण त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रोज साडेपाचला काकू उठल्या की तेही जागे व्हायचे आणि डोळे घट्ट मिटून पडून राहायचे. आधी डब्याचं झाकण, मग नळ, मग दुधाचं पातेलं आणि शेवटी कपात चमचा. चमचा किणकिणायला लागला की पांघरुणाखाली त्यांच्या पायाची बोटं आपोआप ताल धरायची. उभी नोकरी ज्याला भोंग्याने खडबडून उठवलं, त्याला चमचा ऐकत लोळायला मिळणं म्हणजे काय सुख असेल ते त्यालाच ठाऊक. ती पंधरा मिनिटं त्यांना पेन्शनपेक्षा प्यारी होती. चमचा स्वतःच वाजवायचा म्हटलं तर लोळत पडून ऐकायचा कुणी?

केबिन छोटीशी, काड्यापेटीत दोन काड्या ठेवाव्यात तशी. दोन पलंग एकमेकांना चिकटलेले, एक गोल खिडकी, टेबलावर दोन कप. बंबवाल्यांनी बॅग उघडायच्या आधी छतावरचा धूर ओळखणारा डबा तपासला, बाहेर पडायच्या जिन्यापर्यंतची पावलं मोजली आणि केबिनचं दार प्रेमाने थोपटलं. आग अडवणारं जाडजूड दार, सोडलं की आपलं आपण बंद होणारं. असं दार असावं तर, म्हणाले. त्याच दाराने पहिल्या सकाळी घात केला. कॉफीची पूड, साखर आणि दुधाची पावडर त्यांनी घरून आणलीच होती, प्रश्न फक्त उकळत्या पाण्याचा होता आणि ते मिळायचं सात मजले वर, खाण्याच्या हॉलमध्ये. पाच वाजता थर्मास घेऊन ते चोरपावलांनी बाहेर पडले, आणि मागे दाराने असा काही दणका दिला की शेजारच्या केबिनमधलं कुणीतरी खोकलं. परत येतात तो काकू वेणीफणी करून खिडकीशी बसलेल्या. "एक गेली," त्या म्हणाल्या.

लेकीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, बाबा, दाराला एक चप्पल अडकवायची. पण असल्या दाराला चप्पल अडकवणाऱ्या लोकांना बंबवाल्यांनी जन्मभर झापलं होतं. स्वतः कशी अडकवणार? दुसऱ्या सकाळी त्यांनी दार हाताने धरून, श्वास रोखून, इंच इंच लावलं. आवाज म्हणून झाला नाही. छाती फुगवून वर गेले, पाणी घेऊन आले आणि मग आठवलं की दार उघडायचं कार्ड आत उशीखाली आहे. टकटक केल्यावर दार काकूंनीच उघडलं. "दोन," म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

तिसऱ्या सकाळी समुद्राला ऊत आला होता. बंबवाले लिफ्ट कधीच वापरत नाहीत, सवयच तशी, त्यामुळे हेलकावे खात सात जिने उतरताना सैल झाकणाच्या थर्मासातलं निम्मं पाणी त्यांच्या विजारीने प्यायलं. पोहोचेपर्यंत काकू आंघोळ करून आल्या होत्या. चौथ्या सकाळी मात्र सगळं जुळून आलं होतं. कार्ड खिशात, झाकण घट्ट, समुद्र शांत. पण वरच्या डेकवर खलाशांची आग विझवायची कवायत चालली होती, आणि ते होजपाइप असा गुंडाळत होते की बघवेना. बंबवाले दोन मिनिटं म्हणून थांबले. मग पाइप हातात घेऊन दाखवू लागले. भानावर आले तेव्हा सूर्य हातभर वर आलेला आणि खलाशी त्यांना साहेब साहेब म्हणत होते. केबिनमध्ये येऊन ते पलंगाच्या कडेवर बसले आणि काय झालं ते सांगून टाकलं.

"चार," काकू म्हणाल्या. आणि वर विचारलं, "पाइप नीट गुंडाळला का त्यांनी?"

"शेवटी जमला," बंबवाले म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. हरण्याचं नाही हो. उद्यानंतर ती पंधरा मिनिटं कायमची जाणार याचं.

दुपारी केबिन साफ करायला येणाऱ्या बाई चादरी बदलत होत्या. काकू डेकवर बसल्या होत्या, तेव्हा बंबवाल्यांनी या बाईंजवळ मन मोकळं केलं. बाईंनी उशी झटकली आणि म्हणाल्या, "थर्मास आहे ना तुमच्याकडे? मग पाणी झोपायच्या आधीच आणून ठेवा की. पहाटे धावता कशाला?"

बंबवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पस्तीस वर्षं घंटा वाजली की धावायचं, एवढंच शिकलेला माणूस. आधी तयारी करून ठेवून स्वस्थ झोपावं, हे त्याच्या डोक्यात येणार कुठून?

शेवटची सकाळ. पाच वाजून दहा मिनिटं. खिडकीतून करडा उजेड आत येत होता. दार उघडायचं नव्हतं, जिने नव्हते, कवायत नव्हती. बंबवाल्यांनी अंधुक उजेडात कॉफीचा डबा उघडला, तर झाकण हातातून निसटलं आणि टेबलावर गरगर फिरत बसलं. संपलं सगळं, त्यांना वाटलं. काकू हलल्या नाहीत. त्यांनी थर्मास उघडला, तो फुसकन बोलला. काकू हलल्या नाहीत. कपात पाणी ओतलं, पूड घातली, पावडर घातली, साखर निम्मी कपात आणि निम्मी टेबलावर घातली, गुडघा खुर्चीवर आपटून एक शिवी गिळली. तरी काकू ढिम्म.

घरी साधा ड्रॉवर ओढला तरी जागी होणारी ही बाई आज बरी नाही की काय? घाबरून त्यांनी पलंगाकडे पाहिलं आणि हातातला चमचा कपात हलत राहिला. किण किण किण.

पांघरुणाच्या टोकाला काकूंच्या पायाची बोटं हलत होती. चमच्याच्या तालावर.

बंबवाले ढवळायचे थांबले. बोटंही थांबली. त्यांनी पुन्हा ढवळलं. बोटं पुन्हा सुरू झाली.

"तू जागी आहेस," ते म्हणाले.

"नाही," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "मी झोपलेय. तुम्ही झोपता ना रोज, तशी."

बंबवाल्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "तुला माहीत होतं?"

"इतकी वर्षं तुमची बोटं बघतेय मी स्वयंपाकघराच्या दारातून. वाटलं, एवढं काय असतं त्यात, आपणही एकदा बघावं. तर तुम्ही चार दिवस नुसते जिने चढत राहिलात."

"मग?" बंबवाल्यांनी विचारलं. "काय असतं त्यात?"

काकूंच्या मिटलेल्या पापणीखालून पाण्याची एक रेघ कानाकडे गेली, ती त्यांनी पुसलीही नाही. "छान असतं हो," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर एक दिवस तुम्ही झोपायचं, एक दिवस मी."

"चालेल," बंबवाले म्हणाले. "घे आता, कॉफी झाली."

"एवढ्यात कशी होईल? ढवळा अजून."

साखर केव्हाच विरघळली होती. बंबवाले पलंगाच्या कडेला बसले आणि ढवळत राहिले.