घरचं टपाल

नवरा रात्रीची बस चालवायचा आणि बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करायची. ती घरी यायची तेव्हा तो डेपोत पोचलेला असायचा, आणि तो परतायचा तेव्हा ती कामावर गेलेली असायची. सुट्ट्याही एका वारी येत नसत. एकाच खोलीत दोन भाडेकरू पाळीपाळीने राहावेत, तसा संसार चालला होता. भांडायलासुद्धा गाठ पडत नव्हती, त्यामुळे शेजारीपाजारी त्यांना गुणी जोडपं म्हणत.

दोघांच्या मधे पोरगी. वय चौथीतलं, पण बोलणं असं पोक्त की आळीत सगळे तिला आजीबाई म्हणत. शाळेआधी तिला बाप भेटायचा, संध्याकाळी आई. घरात फोन होते. पण बस चालवताना तो उचलत नसे, इस्त्रीवर असताना ती उचलत नसे, आणि झोपलेल्याला उठवायचं नाही हा घरातला एकमेव कडक नियम. म्हणून सगळा कारभार आजीबाईमार्फत. "बापाला सांग, नळ गळतोय." "आईला विचार, माझा खाकी शर्ट कुठाय."

मग आजीबाईचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, ठोकून पाहिलं, काही सापडेना. शाळेने तिघांना कुटुंब सल्ला केंद्रात धाडलं. तिथली अट अशी, की पोर आणि आईबाप एकत्र आले तरच बसायचं.

त्यासाठी ड्रायव्हरने झोप सोडली, बायकोने कुणाच्या तरी हातापाया पडून पाळी बदलून घेतली. दोघं बाकावर टेकली, मधे पोरगी. दोघांचेही डोळे तारवटलेले. केंद्रातल्या ताई नुसत्या बघत राहिल्या; काही लोकांना गप्प बसायचाच पगार असतो.

शेवटी बायकोच बोलली, तेही ताईंकडे बघून. "पोरीला माझ्या बहिणीकडे ठेवावं म्हणते मी. तिथे घरात माणूस तरी असतं. कधीपासून विचारतेय ह्यांना. उत्तर काय, तर 'बघू'."

ड्रायव्हर आत्ता कुठे जागा झाला. "कुणाला विचारतेयस?"

"तुम्हाला!"

"मला नाही कुणी विचारलं."

"अहो, रोज निरोप देतेय."

"कुणाजवळ?"

यावर दोघांच्याही माना सावकाश खाली वळल्या. पोरगी चपलेचा बंद सोडून पुन्हा लावत होती.

"म्हणजे तिला पाठवायचा निरोप तुम्ही तिच्याच हाती दिलात?" ताईंनी विचारलं.

"मग कुणाच्या हाती देऊ?" बायको कातावली. "दुसरं आहे कोण घरात?"

हे मात्र खरं होतं.

"तू सांगितलंच नाहीस होय गं?" बापाने विचारलं.

"विसरले."

"तू? नळाचं बरं कधी विसरली नाहीस."

"नळाचं वेगळं."

"आणि 'बघू' कोण म्हणालं?"

"तू सगळ्यालाच बघू म्हणतोस."

बायकोला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. "थांब. मग ते परवाचं? 'दमली असशील तर भांडी राहू दे, मी घासतो'?"

"भांडी मी घासली," ड्रायव्हर म्हणाला, "पण तुझा निरोप होता म्हणून. माझ्या हातची भांडी लख्ख निघतात, असा."

"मी असलं बोलेन?"

"मलाही नवलच वाटलं होतं."

पोरगी उसळली. "मग काय सांगू? तू म्हणालीस, बापाला सांग, घर म्हणजे काय खानावळ आहे का! बाबा म्हणाला, आईला सांग, तोंड दिसत नाही तेच बरं! हे सांगू?" आणि ती हुंदके द्यायला लागली. इतके दिवस ती निम्मं पोचवत होती आणि निम्मं गिळत होती.

आईबाप दोन्ही बाजूंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. हात एकमेकांवर आपटले.

"यापुढे तिच्याजवळ एकही निरोप द्यायचा नाही," ताई म्हणाल्या. "आणि मावशीचं काय ते आत्ताच विचारा. तिच्यासमोर."

बायकोने मनगटावरचा भाजल्याचा डाग चोळला. "पाठवायची का हिला?"

"नाही."

"मग संध्याकाळी मी येईपर्यंत बघणार कोण?"

"दिवसाची पाळी मागतो."

"मागच्या वर्षी मागितलीत की."

"पुन्हा मागतो. नाही म्हणाले, तर..."

"तर?"

"तर तुझी वाट बघत थांबेन आणि सांगेन, नाही म्हणाले म्हणून. मी स्वतः."

तोडगा म्हणावा असं त्यात काही नव्हतं. तरी बायकोने मान हलवली. हुज्जत घालायलाही अंगात त्राण लागतं. "बरं. हिला नाही पाठवत."

तिघं बाहेर पडली. वाटेत पोरगी सवयीने म्हणाली, "आई, बाबा म्हणतोय की तू..."

"बाबा काही म्हणत नाहीये. बाबा इथेच आहे," ड्रायव्हर म्हणाला. मग बायकोकडे वळून, "वाळलीस गं फार."

बायको थबकली. "हे तुमचं, की हिचं?"

"माझं. हिचं असतं, तर यापेक्षा बरं असतं."

बायकोने नुसती हातातली पिशवी त्याच्याकडे दिली. पोरगी आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होती. दुरुस्ती करायला जीभ वळवळत होती. बापाने तिचा हात दाबला.